तिकडची तूर

फोन आला तेव्हा माझी बोटं हिरवी होती. २०२२चा ऑगस्ट. जुलैभर पावसानं वावरात पाय ठेवू दिला नव्हता, आणि नुकती कुठं दोन दिवसांची उघाड मिळाली होती, म्हणून सकाळपासून मी आणि दोन बाया तासानं तास, म्हणजे ओळीनं ओळ, तुरीचे शेंडे खुडत चाललो होतो. कोवळा शेंडा नखात धरून खुडला की टच् असा बारीक आवाज होतो. नखाच्या कडेला जो रस बसतो तो साबणानं जात नाही, दोन दिवस भाकरीलाही त्याचा तुरट वास येतो. पाय धुऊन ओसरीवर टेकलो, चहा हातात आला, आणि पुतण्याचा व्हिडिओ कॉल. इकडं संध्याकाळचे साडेसात, तिकडं सकाळचे अकरा. पोट्टा कॅनडाच्या पूर्वेच्या टोकाला, नोव्हा स्कॉशियात राहतो. हॅलिफॅक्सपासून तासाभराच्या वाटेवर, अगदी समुद्राच्या काठी, एका म्हाताऱ्या बाईच्या घरात भाड्यानं. "काका, वारं लय आहे इथं. झाड आडवं होऊन राह्यलं. काय करू सांगा," असं म्हणून त्यानं कॅमेरा फिरवला. आधी राखेच्या रंगाचा समुद्र दिसला, मग पाण्यापावसानं करडं पडलेलं लाकडी कुंपण, मग एक झाड. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. बुटकं, रुंद, दाट. पंजासारखी पानं, पानांच्या कडेला करवतीचे दाते.

माझा आवाज आपोआप खाली गेला. "हे ते आहे काय बे? गांजा?"

"हाव."

"किती आहेत?"

"चार. एका घराला चार चालतात. कायदाच आहे काका, बोंबलू नका."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि शेजारचे आबाजी फवारणीचा पंप परत द्यायला आत आले. पोट्ट्याचा आवाज त्यांनी ओळखला, पंप टेकवला आणि सरळ माझ्याजवळ बाजेवर येऊन बसले. फोन उलटा करायला एक क्षण लागतो, तो मला सापडला नाही. "काय लावलं त्यानं तिकडं?" आबाजींनी विचारलं. "तूर," मी म्हणालो. त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. वाऱ्यानं झाड एकदा इकडं एकदा तिकडं होत होतं. मग म्हणाले, "मंग तुरीले खुंट्या लाव म्हणा. एकीकडून नाही, दोहीकडून." चष्मा खिशात, पायात चपला, आणि गेले. चहा ठेवलाच होता, तो थांबूनही घेतला नाही.

आबाजींनी अख्खा जन्म तूर पेरली आहे.

पुढचा अर्धा तास मी पुतण्याशी त्या झाडाबद्दल बोललो आणि मला ते आवडलं, हे आधीच कबूल करतो. पस्तीस वर्षं मास्तरकी केली तरी सात एकरांनी मला कधी सोडलं नाही. दुसऱ्याच्या वावरातली अडचण ऐकली की माझ्यातला शाळामास्तर आणि शेतकरी दोघंही उठून बसतात. त्याचं पहिलं दुखणं वाऱ्याचं. समुद्रावरून येणारं वारं दिवसरात्र सुरू असतं, म्हणून त्यानं झाडांच्या बाजूला प्लायवूडची एक फळी उभी ठोकली होती. तरीही झाडं गरागरा फिरत होती, उलट जास्तच. मी म्हटलं, फळी काढ. आमच्या गावात एकानं गोठ्याला वाऱ्याकडून पत्रा ठोकला होता. वावधन आलं तेव्हा पत्रा तर गेलाच, पण पत्र्याआडचं कुटारही भोवरा होऊन आभाळात गेलं. त्याच्याच शेजारी तुराट्यांचा साधा कूड होता, तो जसाचा तसा. सगळा अडवला की वारा वरून उडी मारून आत पडतो. अर्धा अडवला आणि अर्धा जाऊ दिला तरच तो दमतो. आता तिकडं तुराट्या कुठून आणायच्या? पोट्ट्यानं डोकं लावलं. घरमालकीण आजीचा नवरा लॉबस्टर पकडायचा, म्हणजे आपल्या झिंग्याचा मोठा आजोबा. त्याचे जाळीचे जुने लाकडी पिंजरे अंगणात रचून पडले होते. तिकडं त्या भागात मे महिन्याअखेर धंद्याचा हंगाम संपतो आणि उन्हाळाभर पिंजरे घराघरांपुढं असेच थप्पीनं असतात म्हणे. त्याच पिंजऱ्यांची त्यानं दोन हात उंच भिंत रचली. आठ दिवसांनी फोटो आला तेव्हा झाडं हलत होती, पण पिळवटत नव्हती. थोडी हललेलीच बरी, हेही मी सांगितलं. धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, तासातली तूर बघा, वारं खाऊन खाऊन बुटकी राहते पण बुंधा मनगटाएवढा होतो. मधल्या तासातली उंच, आणि पहिल्या झडीत लोळते.

दुसरं दुखणं पानांचं. कडा करपल्या होत्या, तांबूस, कागदासारख्या. त्यानं इंटरनेटवर वाचून पालाश कमी पडलंय असा निकाल लावला होता आणि खताची बाटलीही आणली होती. मी फोटो मोठा करून बघितला आणि हसलो. माझं गाव पूर्णेच्या खोऱ्यात आहे, खारपाणपट्ट्यात. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ज्या वर्षी नाइलाजानं ते हरभऱ्याला द्यावं लागतं, त्या वर्षी पानांच्या कडा अशाच होतात. गावातली म्हातारी माणसं सांगतात की इथं एके काळी समुद्र होता, आणि जाताना मीठ विसरून गेला. खरं-खोटं भूगर्भवाल्यांना माहीत. पण साता समुद्रांपलीकडचं मीठ मी माझ्या बाजेवर बसून ओळखलं, याचा मला त्या संध्याकाळी जरा गर्वच झाला. "खत गित काही नको. खारं वारं येऊन गेलं की गोड्या पाण्यानं पानं धू, सकाळच्या पहरी, म्हणजे ऊन चढेपर्यंत वाळतील," मी सांगितलं. वाळणं तिकडं अवघड, कारण धुकं. दाट फुलोऱ्यात धुक्याची ओल अडकली की आत राखाडी बुरशी धरते आणि बोंडसडीसारखा आतून माल जातो. वारा मोडतो तेही खरं आणि वारा सुकवतो तेही खरं, त्यामुळं वाऱ्याला शिव्या द्याव्यात की हात जोडावेत, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

त्यानं विचारलं, शेंडा खुडू का? मी विचारलं, फुलावर कधी येतं? तर म्हणाला, दिवस लहान व्हायला लागले की. मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. म्हणजे तुरीसारखंच की! तूरही रात्र मोठी होण्याची वाट बघते. म्हणून तर सप्टेंबरात पेरलेली तूर कमरेएवढीच राहते, वाढायला दिवसच उरत नाहीत. तिकडं जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांचा, आणि ऑक्टोबरात दहिवराच्या जागी पांढरं दव गोठून पडतं. या दोन्हींच्या मध्ये जे काही फुलायचं, पिकायचं ते उरकलं पाहिजे. उंच, सावकाश पिकणारी जात तिथं एक तर वाऱ्यानं मोडणार किंवा थंडीनं मरणार. म्हणून हे बुटकं, लवकर येणारं हायब्रीड. "आता ऑगस्ट लागला. फुलाच्या तोंडावर शेंडा कोणी खुडत नाही. राहू दे," मी म्हटलं. चारही झाडं मादी आहेत हे त्यानं सांगितलं, बियाणंच तसं मिळतं म्हणे, तेव्हा आतून बायको म्हणाली, "साऱ्या बायाच? मंग पीक येईन वेळेवर."

तिला ती भाषा कळते. लग्नाआधी ती माहेरी बुलडाण्याकडे कपाशीच्या बीजोत्पादनात क्रॉसिंगला जायची. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांसकट नराचा भाग सोलून काढायचा, मधला दांडा दुखवायचा नाही, वर नळी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या ओळीतलं फूल आणून त्यावर पराग फिरवायचा. १९७०मध्ये सुरतेला एच-४ निघालं, जगातलं पहिलं धंद्याच्या लागवडीचं कपाशी हायब्रीड. शाळेत मी ते अभिमानानं शिकवायचो, आणि त्यामागं पोरीसोरींची नखं आहेत हे लग्नानंतर घरात शिकलो. पुतण्याच्या झाडाचंही गोत्र तो मला मोठ्या उत्साहानं सांगत होता. एक बाजू हिंदुकुशाच्या डोंगरातली, ठेंगणी आणि रुंद पानाची. एक गरम देशातली, उंच आणि बारीक पानाची. आणि एक मध्य आशिया-रशियाकडची रानटी, जी दिवस-रात्र न बघता वय झालं की फुलते. त्यातल्या ठेंगण्याला तो 'इंडिका' म्हणत होता. हे नाव लामार्क नावाच्या फ्रेंच माणसानं १७८५मध्ये दिलं, इंडियातून नेलेल्या नमुन्यावरून. नाव आपलं. पण ते आपल्या ओसरीवर घेताना आवाज खाली जातो.

गावात सारंच बुटकं होत गेलं आहे, खरं तर. माझ्या लहानपणी गावरान ज्वारी इतकी उंच असायची की तासात बैल शिरला तर नुसता आवाज यायचा, बैल दिसायचा नाही. सीएसएच-१ हे हायब्रीड १९६४ साली निघालं आणि पुढं आमच्याकडंही पोचलं. कणीस भरगच्च, पण धांडा ठेंगणा. बाबा पोत्यांकडे बघून खूश आणि आजा कडब्याकडे बघून घुश्श्यात: "माणसाचं झालं, ढोराचं काय?" तेव्हापासून आमच्याकडं हायब्रीड ही शिवीही आहे. पावसात भिजून सर्दी झालेलं पोरगं म्हणजे हायब्रीड, बापाला उलट बोलणारं म्हणजेही हायब्रीड. आता कपाशीतही बुटकी, सडसडीत जात दाट लावा म्हणतात, वाढ आवरायचं औषध फवारा म्हणतात. मला ते पटतं. लोळलेलं पीक उभं करणं काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. तरी वावराकडे बघताना नजर आता फार लवकर पलीकडच्या धुऱ्यापर्यंत पोचते, अध्येमध्ये काही अडवतच नाही, याची चुटपुट आहेच. लपायला जागा राहिली नाही, असं आमच्या वयाचे लोक हसत म्हणतात.

आबाजींच्या धाकट्यानं मात्र तुरीत लपवायचा प्रयत्न केला होता.

पाच वर्षं झाली असतील त्याला. अकरा झाडं. धुऱ्यापासून आत, चौथ्या-पाचव्या तासात. कोणी सांगितलं ते गावाला माहीत आहे आणि गाव बोलत नाही. गाडी आली, पंच हवे होते, आणि मी शाळेतून घरी चाललो होतो. सरकारी नोकर, लिहिता-वाचता, प्रतिष्ठित. "गुरुजी, जरा चला." मी गेलो. ऑगस्टच होता, आदल्या रात्री पाऊस झालेला. आमची काळी माती ओली झाली की चपलेला शेर शेर चिकटते. झाडं मुळासकट उपटली, मुळांना चिखलाचे गड्डे तसेच. दोरीनं मोळी बांधली आणि कोणाच्या तरी दुकानातून आणलेल्या काट्याला टांगली. काटा वीस किलोच्या पुढं गेला. फार नाही, थोडाच पुढं गेला. मी पाहत होतो. मातीचे तुकडे गळून खाली पडत होते, आणि एकदा माझ्या मनात आलं की म्हणावं, साहेब, माती तरी झटका. म्हणालो नाही. चिखलाचा एक थेंब पंचनाम्याच्या कागदावर पडला होता, त्याच्या शेजारी मी सही केली. स्वच्छ, वळणदार. पोरं माझं अक्षर बघून अक्षर काढायला शिकली आहेत.

कायदा मी नंतर वाचला, निवृत्तीनंतर, वेळ मिळाला तेव्हा. १९८५चा कायदा आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्यावरचे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. मूळ आणि मातीचं तर नावच नाही. एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी, आणि व्यापारी ठरलं की जामीन मिळणं महाकठीण. झाड लावणं हा गुन्हा आहेच, दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आणि लाखापर्यंत दंड, त्यात कोणी म्हणायचं काही नाही. पोरानं लावली होती, आणि फक्त स्वतःच्या चिलमीसाठी अकरा झाडं कोणी लावत नाही, एवढं मलाही कळतं. पण ऑगस्टमध्ये आमच्याकडं त्या झाडाला फूल नसतं. दिवस अजून मोठे असतात. हे मला पुतण्यानं शिकवलं, त्या संध्याकाळी, चहा पीत असताना. दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, तुरीसारखंच, असं मीच मोठ्या आनंदानं म्हणालो, आणि नंतर रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य माझ्याकडं परत आलं. पोरगा सव्वा वर्ष आत होता. आता बाहेर आहे, तारखा सुरू आहेत, संत्र्याच्या गाडीवर जातो. आबाजी या पाच वर्षांत माझ्याशी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पंप नेतात, पंप आणून देतात. पोळ्याला बैल माझ्या दारात आधी आणतात.

असं नाही की या झाडाशी आमची ओळखच नव्हती. आजा सांगायचा, त्याच्या तरुणपणी तालुक्याला अफू-गांजाचं सरकारी परवान्याचं दुकान होतं. त्याच्याही आधी मध्य प्रांतात खांडव्याकडे सरकारच्या देखरेखीखाली गांजाचे मळे असायचे. १८९३ला इंग्रजांनी त्यासाठी एक आख्खा आयोग नेमला होता. शेगावच्या महाराजांच्या पोथीतही काशीहून गांजाचा नवस फेडायला आलेला गोसावी आहे. तो अध्याय वाचताना आमच्या घरी कधी कोणी आवाज खाली केलेला मी ऐकला नाही. महाशिवरात्रीला भांगेचा घोटा घेणारे काका-मामा घरोघर होते, आणि ग्रामसभेत व्यसनमुक्तीवर बोलणारेही तेच. मी स्वतः कधी ओढला नाही. ज्यांनी ओढला त्यातल्या एका वर्गमित्राला मी विझत जाताना पाहिलं आहे, त्यामुळं झाड निर्दोष आहे वगैरे मला कोणी सांगू नये. पुतण्यालाही मी ते बोललो. तो म्हणाला, दोन झाडं आजीची आहेत. तिचे बोटांचे सांधे आखडलेत, ती तेलात काढून चोळते. बाकीच्या दोनांबद्दल तो काही म्हणाला नाही आणि मीही उकरलं नाही. १७ ऑक्टोबर २०१८ला तिकडं कायदा लागू झाला. १६ तारखेला जे झाड होतं तेच १७ला होतं. मी हे वहीत लिहून ठेवलं आणि खाली काय लिहावं ते न सुचून वही मिटली.

सप्टेंबरात एक गंमत झाली. मी त्याला आमच्या धुऱ्याचा फोटो पाठवला होता, सहज, मागं वावर कसं दिसतं म्हणून. त्यात पुढंच अंबाडी होती. त्याच्या मागून आजीनं फोटो बघितला आणि आनंदानं ओरडली, "तुझ्या काकांनी तर शेतभर लावलाय!" अंबाडीचं पान तसं दिसतं खरं, पंजासारखं, दातेरी. शास्त्रज्ञांनी तिचं नावच हिबिस्कस कॅनाबिनस ठेवलं आहे, गांजासारखी दिसणारी म्हणून. पण तिच्या दांड्याला बारीक काटे असतात, आणि फूल पिवळट, मध्ये काळपट लाल डोळा, भेंडीच्या घरचं. आमच्या आजीचं अर्धं आयुष्य त्या झाडात गेलं. कोवळा पाला कण्या टाकून शिजवायची, वरून लसणाची फोडणी आणि जवसाचं तेल. जून झालेली झाडं कापून नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबायची. पंधरा दिवस तो कुजका वास घरापर्यंत यायचा. मग सालीचे पट्टे ओढून काढायचे, धुवायचे, वाळवायचे, आणि मांडीवर पीळ देत आजा दोर वळायचा. पोळ्याला कासरा, मोरखी, दावं, सारं त्या दोराचं. आता नायलॉनचं आणतो. रंगीत असतं, टिकतं, बैलाच्या मानेला कापतं. पुतण्यानंही पहिल्यांदा लॉबस्टरवाल्याचा प्लास्टिकचा दोर खुंटीला आवळला होता आणि बुंध्याची साल सोलली होती. मी म्हटलं, सुती चिंधी घे, आठाचा आकडा कर, एक फेर खुंटीला, एक झाडाला, मध्ये अंतर ठेव. सुती चिंधी त्याच्याकडे एकच होती. आईनं लोणच्याची बरणी बांधून दिलेलं तिच्या जुन्या लुगड्याचं फडकं. त्याच्या पट्ट्या फाडल्या त्यानं. वहिनीला हे कोणी सांगितलेलं नाही, आणि हा लेख ती वाचणार नाही असं मी धरून चाललो आहे.

मग ते वादळ आलं. फिओना. २४ सप्टेंबरच्या पहाटे ते नोव्हा स्कॉशियावर धडकलं. इकडं पितृपक्षाचे शेवटचे दिवस, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. पोट्ट्याचा फोन लागेना. तिकडं लाखो घरांची वीज गेली एवढंच बातम्यांत. वहिनी दिवसातून दहादा विचारायची आणि मी दहादा म्हणायचो, वीज नाही म्हणून फोन नाही. अमावस्येला पान वाढलं, कावळा आला, गेला. घट बसले. रात्री बाजेवर पडून मी त्या काठावरच्या घराचा विचार करायचा प्रयत्न करी. आणि दरवेळी, लाज वाटते सांगायला, घराआधी डोळ्यांपुढं पिंजऱ्यांची भिंत यायची आणि चार झाडं.

चौथ्या दिवशी फोन आला. घर आहे, आजी आहे, छपराचा एक कोपरा गेला. पाइनचं मोठं झाड गाडीवर पडलं. वहिनी रडली, बोलली, त्याला तीनदा जेवलास काय म्हणून विचारलं, आणि फोन माझ्याकडं आला तेव्हा आम्ही दोघं जरा वेळ गप्पच होतो. मग तोच म्हणाला, "एक उपटलं काका. तीन उभी आहेत." पिंजरे रस्त्यापर्यंत विखुरले होते. त्यानं कॅमेरा फिरवला. समुद्र निवळ, जणू काही केलंच नाही. तीन झाडं वाकलेली पण उभी, फुलोरा जड. खुंट्या बुडातून मोडल्या होत्या. वहिनीच्या लुगड्याच्या गाठी मात्र सुटल्या नव्हत्या, आणि मोडक्या खुंट्या त्या गाठींनी झाडाला लोंबकळत होत्या. चौथं झाड आडवं पडलं होतं, मुळांना तांबूस मातीचा गड्डा तसाच.

"याचं काय केलं?"

"तसंच पडलं आहे. उद्या बघतो."

"माती झटक त्याची."

"काहून?"

"झटक म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी पंप न्यायला आले. तुरीवर अळी दिसायला लागली होती. ओसरीच्या पायरीवर बसले, चहा आला, या वेळी घेतला. दोन घोट झाल्यावर म्हणाले, "वादळ झालं म्हणे तिकडं. पोट्टा बरा आहे ना?"

"बरा आहे."

"अन् तूर?"

"एक पडलं. तीन उभे आहेत."

"खुंट्या?"

"खुंट्या मोडल्या. गाठी राह्यल्या."

त्यांनी मान हलवली. उरलेला चहा बशीत ओतला, फुंकर घातली, त्यावर साय सरकताना बघत राहिले. "पडलं त्याचं वजन केलं काय गुरुजी कोणी?"

"नाही," मी म्हणालो. "नाही केलं."

आबाजींनी बशी ओठाला लावली.